उचलून लावायचे दार

यंत्रांचा इतिहास लिहिताना आपण त्यांच्या जन्माची नोंद करतो आणि मृत्यूची. कारखाना कोणी काढला, पहिली गाडी कोणत्या साली बाहेर पडली, शेवटची कोणत्या साली. मध्ये एखाद्या संपाचा, एखाद्या कराराचा उल्लेख. परंतु जन्म आणि मृत्यू यांच्या दरम्यानची जी तीस-चाळीस वर्षे ते यंत्र कोणाच्या तरी दारात उभे असते, पावसात भिजत असते, बिघडत असते आणि पुन्हा चालू होत असते, त्या वर्षांचा इतिहास सहसा लिहिला जात नाही. वाङ्मयाच्या अभ्यासकांना ही अडचण अपरिचित नाही. ग्रंथ केव्हा प्रसिद्ध झाला हे आपल्याला ठाऊक असते. तो कसा वाचला गेला, कोणत्या पानावर त्याची बांधणी सुटली आणि कोणी ती खळ लावून पुन्हा चिकटवली, हे मात्र ठाऊक नसते.

प्रस्तुत लेखाचे निमित्त अगदी क्षुल्लक आहे. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्यापैकी एकाच्या घरी, दिव्याला, १९८५ सालची प्रीमिअर पद्मिनी आहे. वडिलांनी ती १९९३ मध्ये सेकंडहँड घेतली होती. निवृत्तीनंतर ते कुटुंबासह दिव्याला राहायला आले तेव्हा गाडीही आली, आणि वडील गेल्यावरही ती राहिली. तिच्या चालकाच्या बाजूचे दार खाली आले होते. बंद करताना ते खालच्या पट्टीवर घासायचे आणि लॉकवर न बसता परत उघडायचे. नोंदणीच्या नूतनीकरणाची मुदत जवळ आली होती; दार लागत नसलेली गाडी तपासणीला नेणे शक्यच नव्हते. दार खरोखर दुरुस्त होईल की गाडीच संपली आहे, हा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर घरीच शोधायचे असे आम्ही ठरवले. ते शोधताना जे हाती लागले, ते एका बिजागरीपुरते मर्यादित राहिले नाही.

१

आरंभ शब्दापासून करणे हा आमच्या व्यवसायाचा दोष वाचकांनी पोटात घालावा. 'बिजागरी' हा शब्द मूळचा पोर्तुगीज, 'बिसाग्रा' या शब्दावरून आलेला, असे व्युत्पत्तिकार मानतात. गुजरातीतला 'मिजागरुं' हा त्याचाच भाऊ. गोव्याचे भाषाशास्त्रज्ञ सेबास्तियाँव रोदोल्फो दालगादो यांनी आशियाई भाषांत शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांचा कोश १९१३ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हापासून या शब्दांचा अभ्यास पक्क्या पायावर आला. पगार, चावी, बादली, घमेले, परात, तुरुंग हे सगळे त्याच वाटेने आलेले शब्द. त्यांतील बहुतेक शब्द हाताने धरायच्या वस्तूंचे आहेत ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पोर्तुगिजांकडून मराठीने तत्त्वज्ञान घेतले नाही. दाराची चावी घेतली आणि दाराची बिजागरीही.

उत्तर कोकणच्या वाचकाला तर हा इतिहास दूरचा वाटू नये. वसईचा तह १५३४ चा. ठाणे पोर्तुगिजांच्या हातून मराठ्यांकडे आले ते १७३७ मध्ये आणि वसई पडली ती १७३९ मध्ये. म्हणजे खाडीच्या या काठावर सुमारे दोनशे वर्षे पोर्तुगीज अंमल होता. राज्य गेले, दारे जागच्या जागी राहिली, आणि दारांबरोबर त्यांचे शब्दही.

मात्र बिजागरी हा शब्द गॅरेजमध्ये चालत नाही. शीळफाट्याच्या रस्त्यावर गॅरेजांची जी रांग आहे तिथे जाऊन 'बिजागरी झिजली आहे' असे आम्ही म्हटले तेव्हा तिथल्या मुलाने आमच्याकडे थोड्या करुणेने पाहिले. तिथला शब्द 'कब्जा'. हा अरबी शब्द, फारसी-उर्दूच्या वाटेने आलेला. मूळ अर्थ पकड, मूठ. तलवारीच्या मुठीलाही कब्जाच म्हणतात. दिव्यात हा शब्द एरवी ऐकू येतो तो जमिनीसंबंधी: कोणी कब्जा केला, कोणाचा कब्जा सुटला. गॅरेजमध्ये त्याचा मूळ अर्थ शिल्लक आहे. कब्जा म्हणजे जे दाराला धरून ठेवते ते.

आता या एका दाराकडे पाहा. 'दार' संस्कृतातल्या द्वाराचे. ज्या खांबावर ते टांगलेले असते तो 'खांब' स्कंभाचा वंशज. खांब आणि दार यांना जोडणारी वस्तू घरात पोर्तुगीज, गॅरेजात अरबी. तिच्यातून आरपार जाणारी 'पिन' इंग्रजी. आणि हे सगळे जेव्हा सैल होते तेव्हा करायची ती 'दुरुस्ती' फारसी. मराठीचा इतिहास शिकवताना आम्ही इतकी वर्षे फळ्यावर तक्ते काढत आलो. तोच तक्ता इथे चार बोटांच्या जागेत लोखंडात बसवलेला होता.

आणखी एक शब्द. दार खाली येते त्याला गॅरेजची भाषा 'दरवाजा बैठ गया' असे म्हणते आणि मराठीतही 'दार बसले' असे म्हणतात. पण दार नीट लागते तेव्हाही ते 'बसते'च. एकच क्रियापद दोषालाही आणि दुरुस्तीलाही. कोणते बसणे अभिप्रेत आहे हे बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखावे लागते.

२

दार ज्या गाडीचे, तिचा इतिहास आता पाहू. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ मध्ये स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जुळवून बाहेर पडू लागल्या. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी फियाटच्या लहान गाड्या कुर्ल्यात तयार होऊ लागल्या. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनुसार धोरण ठरले, की नुसते सुटे भाग आणून गाड्या जुळवणाऱ्यांना यापुढे थारा नाही, भाग इथे बनवण्याचा कार्यक्रम हवा. शिवडीला १९२८ पासून गाड्या जुळवणाऱ्या जनरल मोटर्सने त्यानंतर आपले काम आवरले. जे थोडे कारखानदार टिकले त्यांत कुर्ला होते. या धोरणाने कुर्ल्याला बाजारपेठ दिली आणि ग्राहकाला प्रतीक्षायादी दिली.

फियाटची ११०० ही गाडी, इटालियन लोकांची 'मिलेचेंतो', या पन्नाशीच्या दशकात इथे आली. तिचा १९५३ सालचा नवा अवतार दान्ते जाकोसा या अभियंत्याच्या काळातला. त्या पिढीच्या गाडीला मराठी माणसाने 'डुक्कर फियाट' हे नाव दिले. पुढचे नाक पाहिलेल्याला या नावाचे स्पष्टीकरण लागत नाही. कंपनीची जाहिरात जे नाव देते ते आणि रस्ता जे नाव देतो ते यांत कोणते टिकते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

डुक्कर फियाटची पुढची दारे उलट उघडत. म्हणजे त्यांच्या बिजागऱ्या पुढच्या खांबावर नसून मधल्या खांबावर होत्या. मागच्या दारांच्या बिजागऱ्याही मधल्याच खांबावर. एका बाजूची दोन्ही दारे एकाच खांबाला टांगलेली. उघडली की वाड्याच्या दोन फळ्यांसारखी नव्हे, तर पुस्तकाच्या दोन पानांसारखी. बसणाऱ्याला आत शिरणे सोपे जाई. पण अशा दारात एक धोका असतो: धावत्या गाडीत लॉक सुटले तर समोरचा वारा दार मिटत नाही, उलट ते पूर्ण उघडून टाकतो. शिवाय दोन दारांचे ओझे एका खांबावर.

ही रचना बदलली ती ११००-डी या पुढच्या अवतारात. इटलीत हा १९६२ चा; भारतात तो १९६४ पासून 'डिलाइट' या नावाने आला. आता पुढच्या दाराची बिजागरी पुढच्या खांबावर गेली आणि वारा दाराला मिटवू लागला. डिलाइटची पुढे 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ मध्ये 'पद्मिनी'. नावे बदलली, दार, खांब आणि त्यांमधले नाते तेच राहिले. इटलीत ११००-डीचे उत्पादन १९६६ मध्ये थांबले. कुर्ल्यात तीच गाडी थोड्याफार फरकाने विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बनत राहिली. तीन दशकांहून अधिक काळ एकच दार.

याचा अर्थ काय लावायचा? एक अर्थ सरळ आहे आणि तो कटू आहे. स्पर्धा नव्हती, परवान्याशिवाय उत्पादन वाढवता येत नव्हते, १९६९ मध्ये सरकारने मोटारींच्या किमती बांधून दिल्या आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अशा स्थितीत कारखान्याला दार बदलण्याचे कारण नव्हते आणि ग्राहकाला पर्याय नव्हता. त्या काळाविषयी आज जो हळवेपणा लिहिला जातो त्यात ही प्रतीक्षायादी वगळलेली असते. पैसे भरून वर्षानुवर्षे थांबायचे, आणि मिळालेल्या गाडीचे दार नीट लागत नसेल तर ते लावण्याची युक्ती शिकायची, अशी ती व्यवस्था होती.

दुसरा अर्थही आहे. तो पहिल्याला खोडत नाही, पण त्याच्या शेजारी उभा राहतो. जी वस्तू तीस वर्षे बदलत नाही तिचे ज्ञान समाजात मुरते. एका गाडीवर शिकलेला हात दुसऱ्या गाडीवर चालतो. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे बव्हंशी हीच गाडी असल्यामुळे तिची अंगे-उपांगे जाणणारे लोक जागोजाग होते. टॅक्सीत उतारू डावीकडून उतरतो, म्हणून मागचे डावे दार आधी थकणार. खासगी गाडीत चालकाचे दार आधी थकणार. अशी अनुमाने पुस्तकात नसली तरी प्रत्येक गॅरेजात होती. टंचाईने लादलेली ही साक्षरता होती. तिचे श्रेय टंचाईला देऊ नये, पण ती साक्षरता होती हेही नाकारू नये.

३

आता प्रत्यक्ष काम. प्रथम आमची चूक सांगतो, कारण ती चूक बहुतेकांची असते. दार लॉकवर बसत नाही असे दिसल्यावर आम्ही खांबावरची लॉकची प्लेट सैल करून थोडी खाली सरकवली. दार लागले. आम्हांला धन्यता वाटली. आठवड्यात ते पुन्हा लागेनासे झाले, आणि आता खालच्या पट्टीवरचा रंगही खरवडला गेला. रोग दाराच्या एका टोकाला होता आणि आम्ही औषध दुसऱ्या टोकाला लावले होते.

मुंब्र्याचे एक वृद्ध मेकॅनिक आहेत. अनेक वर्षे टॅक्सींवर काम केलेले. त्यांना सगळे चाचा म्हणतात, आम्हीही म्हणतो. ते येऊन उभे राहिले, प्लेटकडे पाहून हसले आणि म्हणाले, "सर, आपने तो जवाब बदल दिया. सवाल वही है."

परीक्षा त्यांनी सांगितली ती अशी. दार अर्धे उघडायचे. एकाने लॉककडची कड दोन्ही हातांनी धरून वर उचलायची आणि सोडायची. दुसऱ्याने त्या वेळी बिजागऱ्यांकडे डोळे लावून बसायचे. तीन शक्यता असतात. बिजागरीची दोन पाने एकमेकांपासून हलत असतील तर पिन किंवा तिचे भोक झिजले आहे. पाने एकमेकांशी घट्ट आहेत पण खांबावरचे किंवा दारावरचे पान हलते आहे, तर ते जिथे बसवले आहे तिथली पकड सैल झाली आहे. आणि बिजागरी जराही न हलता तिच्यामागचा पत्राच श्वास घेतल्यासारखा आत-बाहेर होत असेल, तर खांब गेला.

तिसऱ्या शक्यतेची भीती आम्हांला अधिक होती. जुन्या काळी मोटारीला खाली चासी असे आणि वर पेटी ठेवल्यासारखा सांगाडा. पेटी सडली तर पेटी बदलता येई. १९५३ नंतरच्या ११००ला स्वतंत्र चासी नाही. पत्र्याचे खांब, पट्ट्या आणि मजला मिळूनच तिचा कणा बनतो. २६ जुलै २००५ च्या पुरात ही गाडी दाराच्या पट्टीपर्यंत पाण्यात उभी होती. खाडीकाठची हवा, चिखल आणि ते पाणी यांनी पट्टी आतून खाल्ली असेल आणि खांबाचा पाया सुटला असेल, तर दार खाली आलेले नसून खांबच वाकला आहे असा अर्थ झाला असता. चाचांनी पाचरासारखा स्क्रू ड्रायव्हर उलटा धरून त्याच्या मुठीने खांब खालपासून वरपर्यंत वाजवला. कुंभाराच्या दुकानात मडके वाजवतात तसा. खांब खणखणीत होता. पट्टीच्या मागच्या टोकाला मात्र आवाज बद्द झाला. तिथे दोन बोटे जातील एवढे गंजाचे भोक निघाले.

उचलून पाहिले तेव्हा हलली ती वरची बिजागरी. पानांमधली हालचाल डोळ्यांना जेमतेम दिसत होती. दाराच्या टोकाला मात्र ती चांगली जाणवत होती. याचे गणित साधे आहे. दोन बिजागऱ्यांमधले अंतर दाराच्या लांबीच्या एकतृतीयांश असेल, तर बिजागरीपाशी एक मिलिमीटर ढिलाई म्हणजे लॉकपाशी सुमारे तीन मिलिमीटर उतार. दाराचे वजन वरच्या बिजागरीला बाहेर ओढते आणि खालचीला आत दाबते, म्हणून वरची पिन आधी झिजते. उतरताना उघड्या दारावर भार टाकून उठण्याची सवय हे त्या झिजेचे मुख्य कारण.

दुरुस्तीचा क्रम थोडक्यात नोंदवतो. दाराखाली जॅक लावला. जॅक आणि दार यांच्यामध्ये लाकडी फळी आणि फळीवर जुनी गोधडी, म्हणजे पत्रा चेपत नाही. दाराचा भार पिनेवरून उतरेल इतकेच ते उचलायचे, अधिक नाही. बिजागरीच्या पानांभोवती पेन्सिलीने रेघ मारून ठेवली, की काही सैल करावे लागलेच तर मूळ जागा हरवू नये. पिनेवर आदल्या रात्री रॉकेल सोडून ठेवले होते. सकाळी खालून पंच लावून हातोडीने ती वर ठोकली. डोळ्यांवर चष्मा हवा. गंजाचा कपचा नेमका वर पाहणाऱ्याच्या डोळ्यात येतो. दोन्ही बिजागऱ्यांच्या पिना एकदम काढायच्या नाहीत. एक काढावी, ती बसवावी, मग दुसरी. काच असलेले दार दोघांनाही जड जाते.

निघालेली पिन मध्ये कमरेला बारीक झाली होती. भोकही गोल उरले नव्हते, लांबट झाले होते. नवी पिन जुन्याच मापाची घातली असती तर महिन्याभरात तीच अवस्था झाली असती. म्हणून भोक थोडे मोठे करून गोल केले आणि त्या मापाची जाड पिन शीळफाट्याच्या लेथवर करून घेतली. ग्रीस भरून ती ठोकली. पट्टीच्या भोकावर पत्र्याचा तुकडा वेल्डिंगने बसवून घेतला, आणि तेही दार जागेवर लावलेले असताना. चाचांचा तसा आग्रहच होता: पट्टी ही कण्याचा भाग, तापल्यावर ती जरा ओढली जाते, दार जागेवर असेल तर फट बदलते आहे की नाही हे तिथल्या तिथे कळते. लॉकची प्लेट आम्ही हलवली होती ती सर्वांत शेवटी मूळ जागी नेली.

एक झटपट उपाय गॅरेजांत सर्रास केला जातो; तोही सांगायला हवा. बिजागरीच्या पानांत लाकडाचा किंवा लोखंडाचा तुकडा पाचरीसारखा धरतात आणि दार दाबून मिटतात. पान वाकते, दार वर येते, गिऱ्हाईक खूश होते. चाचा त्याविषयी फार बोलले नाहीत. पान एकदा वाकले की धातू तिथे थकतो, आणि पत्रा कमकुवत असेल तर पानाऐवजी खांबच फाटतो, एवढेच म्हणाले.

४

काम चालू असताना काकू, म्हणजे आमच्यापैकी एकाची आई, खुर्ची टाकून बसल्या होत्या. नवी पिन बसल्यावर दार कसे लागते ते पाहायला त्यांना बोलावले. त्यांनी दाराच्या मुठीखाली हात घातला, दार किंचित वर उचलले आणि मग ढकलले. ते वरच्या कडेला आपटले.

"अहो आई, उचलू नका आता. नुसते लावा," मुलाने म्हटले.

"उचलल्याशिवाय ते लागत नाही रे," त्या म्हणाल्या. "तुझे बाबा पहिल्या दिवशी घेऊन आले तेव्हाच त्यांनी मला शिकवले होते."

पहिल्या दिवशी म्हणजे १९९३ मध्ये. तेव्हा गाडी आठ वर्षांची होती. म्हणजे दार तेव्हाच खाली आलेले होते. कदाचित आधीच्या मालकानेही ते उचलूनच लावले असेल. आम्ही ज्याला बिघाड समजत होतो तो या घरात तीस वर्षे रीत म्हणून नांदत होता. वडिलांनी दार दुरुस्त केले नाही, दार लावण्याची पद्धत बदलली आणि ती घरातल्या सर्वांना शिकवली. आमच्यापैकी ज्याचे ते घर, तोही लहानपणापासून दार उचलूनच लावत होता. या आठवड्यापर्यंत त्याला ते कळले नव्हते.

प्रतीक्षायादीचा, बांधलेल्या किमतींचा आणि एकाच दाराच्या तीस वर्षांचा जो इतिहास वर सांगितला, तो ग्राहकाच्या अंगात कसा उतरतो हे आम्हांला त्या एका हालचालीत दिसले. वस्तू सदोष असेल तर वस्तू बदलत नाही, माणूस बदलतो. तो उचलायला शिकतो. पुढे उचलणे हेच लावणे वाटू लागते. याला सोशिकपणा म्हणावे की कौशल्य, हे ठरवणे अवघड आहे. वडिलांच्या त्या उचलण्यात दोन्ही होते, आणि गाडीविषयीचे प्रेमही होते. मात्र पिन दर वेळी थोडी झिजत होती, हेही तितकेच खरे. उचलून लावल्याने ती वाचली नाही.

आपल्याकडे अशा युक्त्यांना 'जुगाड' म्हणून डोक्यावर घेण्याची एक लाट मधल्या काळात येऊन गेली. दुरुस्ती आणि जुगाड यांत आम्हांला फरक दिसतो तो इथे. जुगाड दोषाला वळसा घालतो, पाचर मारतो, प्लेट सरकवतो. दुरुस्तीला दोषाचे मूळ कुठे आहे हे आधी पाहावे लागते आणि त्यासाठी एकाने दार उचलून धरावे लागते, दुसऱ्याने खाली बसून निरखावे लागते. संहिताचिकित्सा याहून वेगळी नसते. पोथीत अपपाठ आढळला की तो सोयीने सुधारून पुढे जाणारा लेखनिक आणि अपपाठ कोणत्या प्रतीत शिरला हे शोधणारा संपादक यांच्यातले हे अंतर आहे. विद्यार्थ्यांना आम्ही संपादक व्हायला सांगतो. स्वतः मात्र पहिल्या दिवशी लेखनिकाचेच काम केले होते.

५

शेवटी या इतिहासाच्या अखेरच्या प्रकरणाविषयी. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पद्मिनीचे दिवस मोजले जाऊ लागले. नव्वदीत परवाने गेले, परदेशी कंपन्या आल्या. दिव्यापासून जवळ, कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या प्रीमिअरच्या कारखान्यात त्या दशकात फ्रेंच पेजो गाड्या तयार झाल्या. तो प्रयोग थोड्याच वर्षांत संपला. त्या पट्ट्यात आज गृहसंकुलांचे मनोरे आहेत. कुर्ल्याचा कारखानाही उरला नाही. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीचे वय वीस वर्षांपर्यंतच मान्य असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे उरली नाही. वृत्तपत्रांनी त्या दिवशी हळवे मथळे दिले.

खासगी गाड्यांना हा नियम लागू नाही, पण त्यांची वाटही अरुंद आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी आणि नोंदणीचे नूतनीकरण, वर पर्यावरण कर. एप्रिल २०२२ मध्ये नूतनीकरणाचे शुल्क सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले होते. दुसरीकडे, २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षे पूर्ण केलेल्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाडीला 'विंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. आमची गाडी तिथे पोचायला २०३५ उजाडेल. आज ती भंगार ठरवण्याइतकी जुनी आहे आणि वारसा ठरवण्याइतकी जुनी नाही. जुन्या हवेला धूर करणारी यंत्रे रस्त्यावरून दूर करणे आवश्यक आहे, याविषयी आमचे दुमत नाही. दिव्यासारख्या ठिकाणी श्वास घेणाऱ्याला तरी नसावे. प्रश्न एवढाच की, मधल्या वयाच्या वस्तूंबरोबर त्यांची दुरुस्ती जाणणारी माणसेही याच मधल्या काळात नाहीशी होतात. २०३५ मध्ये गाडी वारसा ठरेल तेव्हा खांब वाजवून त्याचा आवाज ओळखणारे कोणी असेल का? चाचांच्या दोन्ही मुलांनी हा धंदा घेतलेला नाही. त्यांत त्यांचे काही चुकले असे आम्हांला वाटत नाही.

कारखान्यांचे दस्तऐवज कुठे तरी मिळतील. न्यायालयाचे निकाल छापलेले आहेत. पण बिजागरी पुढच्या खांबावर का गेली, वरची पिन आधी का झिजते, पट्टी जोडताना दार जागेवर का ठेवायचे, हे सारे बोलण्यातच आहे, आणि तेही हिंदी-मराठीच्या सरमिसळीतल्या बोलण्यात, जिला आमच्या विद्याशाखेत अद्याप जागा मिळालेली नाही. एखाद्या विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी शीळफाट्याच्या गॅरेजांतले शब्द गोळा करायचे ठरवले तर त्याला कोशात नसलेले बरेच काही सापडेल. त्याने वही बरोबर न्यावी आणि दार उचलून धरण्याचीही तयारी ठेवावी, कारण रिकाम्या हाताने उभ्या असलेल्याला तिथे कोणी फारसे सांगत नाही.

जुनी पिन आम्ही टाकलेली नाही. ती टेबलावर आहे. काकू अजूनही दार उचलून लावतात, आणि ते वर आपटले की म्हणतात, "हं, आता नुसते लावायचे, नाही का?"